नाणे आणि त्याची प्रतिमा

इतिहासाची साधने म्हटली, की ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दप्तरे यांची नावे आपल्या ओठांवर चटकन येतात. नाण्याची आठवण त्या मानाने उशिरा होते. वास्तविक शिलालेख एका डोंगराच्या कुशीत स्थिर असतो, ताम्रपट एका घराण्याच्या पेटीत असतो. नाणे मात्र राजवाड्यापासून आठवड्याच्या बाजारापर्यंत हातोहात फिरलेले असते. राजाने स्वतःविषयी प्रजेला काय सांगावयाचे ठरविले होते, ते नाण्याच्या इवल्याशा वर्तुळात अगदी मोजक्या अक्षरांत आढळते. परंतु या साधनाला एक शाप आहे. शिलालेख फोडून कोणाचे पोट भरत नाही. मोहोर मात्र आटविली, तर त्याच दिवशी बाजारभावाने पैसे हाती येतात. स्वतःच्या नाशातूनही ज्याचे मोल वसूल होते, असे हे बहुधा एकमेव ऐतिहासिक साधन असावे. म्हणूनच नाण्याची प्रतिमा, मग ती हाताने काढलेली असो, साच्यातून उतरविलेली असो वा छायाचित्राने टिपलेली असो, नाणेशास्त्रात फार मोठे स्थान पावली आहे. या प्रतिमेचा इतिहास पाहणे आणि त्यातून आपल्यासाठी काय निष्पन्न होते याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयाचा आरंभ आपल्या या कोलकाता शहरापासूनच करता येतो. १७८३ मध्ये कालीघाट येथे सोन्याच्या नाण्यांचा एक निधी सापडला. त्यात दोनशेहून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी बहुतेक उत्तरकालीन गुप्त सम्राटांची होती, हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्या काळी मात्र त्यांवरील अक्षरे कोणालाच वाचता येत नव्हती. हा निधी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्याकडे आला आणि त्याने तो इंग्लंडला कंपनीच्या संचालकांकडे धाडला. संचालकांनी काही नाणी ब्रिटिश म्युझियमला आणि अन्य संग्रहांना वाटून टाकली. उरलेली आटविली गेली असे मानले जाते. संपूर्ण निधीची चित्रे कोणी काढली नाहीत आणि नाणेवार यादीही झाली नाही. गुप्तांच्या सुवर्णनाण्यांचा नोंदला गेलेला हा पहिलाच मोठा निधी. परंतु त्याच्या पोटात नेमके काय होते, हे सांगण्याचे साधन आपण कायमचे गमावून बसलो आहोत.

यानंतर अर्ध्या शतकाने याच शहरात अगदी वेगळे चित्र दिसते. हुगळीच्या काठावरील प्रिन्सेप घाटावर आपल्यापैकी अनेक जण संध्याकाळी फिरावयास जातात. ज्याच्या स्मरणार्थ तो बांधला गेला, तो जेम्स प्रिन्सेप व्यवसायाने टांकसाळीतील कस पाहणारा अधिकारी होता. १८१९ मध्ये तो येथे आला, लगेच काशीच्या टांकसाळीत गेला, १८३० मध्ये ती बंद झाल्यावर परतला आणि १८३२ पासून कलकत्त्याच्या टांकसाळीचा मुख्य कसनिरीक्षक व एशियाटिक सोसायटीचा चिटणीस अशा दोन्ही जागा त्याने सांभाळल्या. १८३५ मध्ये कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया सर्वत्र चालू केला. या सुधारणेत प्रिन्सेपचा मोठा वाटा होता. प्रांतोप्रांतीचे जुने शिक्के त्यामुळे मुशीत जाऊ लागले. दिवसा जुनी नाणी आटविण्याच्या व्यवस्थेवर देखरेख करावयाची आणि रात्री दिव्याच्या उजेडात जुन्या नाण्यांची चित्रे काढावयाची, असा हा विलक्षण योग होता.

सोसायटीच्या नियतकालिकातील नाण्यांचे कित्येक चित्रफलक प्रिन्सेपने स्वहस्ते रेखाटले आणि कोरले. देशभरचे सेनाधिकारी, वैद्य, प्रवासी त्याच्याकडे नाणी किंवा त्यांचे ठसे पाठवीत. तो ती शेजारी शेजारी मांडी, अक्षर अक्षराशी ताडून पाही आणि फलक छापून सर्वांसमोर ठेवी. अफगाणिस्तानात नाणी गोळा करणाऱ्या चार्ल्स मॅसनच्या ध्यानात आले, की यवन राजांच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला अज्ञात लिपीत एकच नाव लिहिलेले असले पाहिजे. मिनँडर, अपोलोडोटस, हर्मिअस ही नावे त्याने अशा रीतीने ओळखली आणि प्रिन्सेपला कळविली. खरोष्ठीचे दार तेथून किलकिले झाले. १८३६ मध्ये ख्रिश्चन लासेनने अगाथोक्लीसच्या द्विभाषी नाण्यावरून ब्राह्मीची काही अक्षरे ओळखली, तर १८३७ मध्ये प्रिन्सेपने अशोकाची ब्राह्मी संपूर्ण उलगडली. ज्या वाचनाने मौर्य सम्राट विस्मृतीतून बाहेर आला, त्याच्या पायाशी अशी नाण्यांची चित्रे होती.

येथे एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. फ्रान्समध्ये छायाचित्रणाची कला जगजाहीर झाली ती १८३९ मध्ये. अतिश्रमाने खचलेला प्रिन्सेप १८३८ मध्येच मायदेशी परतला होता आणि एप्रिल १८४० मध्ये तो निधन पावला. नाण्यांसाठी कॅमेऱ्याचे साहाय्य त्याला कधीच मिळाले नाही. हाताने काढलेल्या चित्राचे सामर्थ्य आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी त्याच्या फलकांत दिसतात. चित्रकार झिजलेल्या भागातही नजरेने रेषा शोधून काढतो, हे त्याचे सामर्थ्य. परंतु जे अक्षर आपण वाचले आहे असे त्याला वाटते, तेच त्याच्या लेखणीतून उतरते, ही त्याची मर्यादा. वाचन चुकले तर चित्रही चुकते आणि पुढील अभ्यासक त्या चुकीच्या चित्रालाच पुरावा मानू लागतो.

छायाचित्रणाची कला भारतात झपाट्याने रुजली. मुंबईत १८५४ मध्ये आणि कलकत्त्यात १८५६ मध्ये तिला वाहिलेल्या संस्था स्थापन झाल्या. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईच्या त्या आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी एक होत. तथापि नाण्याच्या बाबतीत कॅमेऱ्याला लगेच यश आले नाही. चांदी चकाकते, सोने प्रकाश परतवते, तांबे काळवंडलेले असते. एकाच भिंगासमोर तिघांची तऱ्हा वेगळी. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या संग्रहालयांनी एक मधला मार्ग काढला. नाण्याचा साचा घेऊन त्यात प्लास्टर ओतावयाचे आणि त्या पांढऱ्या, निस्तेज प्रतिकृतीचे छायाचित्र घ्यावयाचे. ब्रिटिश म्युझियमच्या सूचिग्रंथांतील सुंदर फलक पुष्कळ अंशी असेच तयार झालेले आहेत. प्लास्टरवर चकाकी नसल्यामुळे उठाव स्वच्छ उमटे. मात्र धातूचा रंग, गंज, कडेची चीर, कोणी सराफाने कस पाहण्यासाठी मारलेला टाचा, यांतील पुष्कळसे प्लास्टरमध्ये हरवून जाई.

प्रतिमेचे मोल किती, याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे जोगळटेंभीचा निधी. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या या गावी चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची होती. एका बाजूला मुखवटा व त्याभोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण व वज्र आणि त्यांभोवती ब्राह्मी व खरोष्ठी लेख, अशी त्यांची घडण. यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि त्याभोवती त्याचे नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह.

नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा जो लेख आहे, त्यात आपल्या पुत्राने क्षहरात वंशाचा निःपात केल्याचे तिने अभिमानाने सांगितले आहे. माता पुत्राची स्तुती करणारच, अशी शंका कोणी घेतली असती तर तिला उत्तर देणे अवघड होते. जोगळटेंभीच्या नाण्यांनी ते उत्तर दिले. पराभूताच्या चेहऱ्यावर जेत्याचा शिक्का बसलेला आहे आणि तरीही डोंगराच्या कमानीखालून नहपानाचे नाक वा ओठ डोकावत आहेत, हे दृश्य ज्याने पाहिले त्याला त्या लेखाच्या सत्यतेविषयी आणखी पुरावा लागत नाही.

या निधीचा अभ्यास रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी केला आणि मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. नाण्याचा तुकडा लहान आणि ठसा मोठा असल्यामुळे कोणत्याही एका नाण्यावर संपूर्ण लेख क्वचितच उमटलेला असे. एकावर आरंभीची अक्षरे, दुसऱ्यावर मधली, तिसऱ्यावर शेवटची. शेकडो नाणी ताडून पाहिल्यावर स्पष्ट झाले, की मुखवट्याभोवतीची ग्रीक अक्षरे ही ग्रीक भाषा नसून ब्राह्मीतील भारतीय लेखाचेच ग्रीक लिपीतील रूप आहे. मुखवट्यांवरील चेहरे पाहता, कोठे तरुण, कोठे वृद्ध, कोठे नाक सरळ तर कोठे बाकदार, असा विलक्षण फरकही समोर आला आणि त्याविषयी विद्वानांत पुष्कळ चर्चा झाली. हा निधी त्याच वर्षी फुटून दहा सराफांच्या पेढ्यांवर गेला असता, तर यातील एकही गोष्ट सिद्ध झाली नसती. सुटे नाणे एक शब्द बोलते. निधी वाक्य बोलतो. म्हणून निधी पांगण्यापूर्वी त्यातील नाण्यांची चित्रे घेणे, हे ते वाक्य लिहून ठेवण्यासारखे आहे.

हे कर्तव्य एका मराठी विद्वानाने महाराष्ट्राबाहेर राहून किती निष्ठेने पार पाडले, याची आठवण या सुवर्णमहोत्सवी अंकात करणे उचित ठरेल. डॉ. अनंत सदाशिव अळतेकर हे मूळचे कोल्हापूरकडचे. त्यांची कर्मभूमी प्रथम काशी हिंदू विश्वविद्यालय आणि नंतर पाटणा. १९४६ च्या फेब्रुवारीत तत्कालीन भरतपूर संस्थानात बयानाजवळ जमिनीत पुरलेले तांब्याचे एक भांडे सापडले. आत गुप्तांची सुवर्णनाणी होती. नाण्यांची मूळ संख्या एकवीसशेच्या आसपास असावी. संस्थानच्या अधिकाऱ्यांपर्यंत वार्ता पोहोचण्यापूर्वी सुमारे २८५ नाणी आटविली गेली. हाती लागली ती १८२१. त्यांचा अभ्यास अळतेकरांकडे सोपविण्यात आला आणि १९५४ मध्ये त्यांचा सचित्र सूचिग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्या ग्रंथातील हिशेब पाहण्यासारखा आहे. पहिल्या चंद्रगुप्ताची १०, समुद्रगुप्ताची १८३, काचाची १६, दुसऱ्या चंद्रगुप्ताची ९८३, कुमारगुप्ताची ६२८ आणि स्कंदगुप्ताचे मानले गेलेले अवघे एक. शेवटच्या त्या एका नाण्यावरून निधी पुरला गेल्याचा काळ ठरतो : कुमारगुप्ताची अखेर आणि स्कंदगुप्ताचा आरंभ, म्हणजे इसवी सन ४५५ च्या सुमाराचा अस्थिर काळ. गेंड्याची शिकार करणारा कुमारगुप्त आपल्याला या निधीतच प्रथम भेटला. दुसऱ्या चंद्रगुप्ताचे ‘चक्रविक्रम’ प्रकारचे या निधीत एकच नाणे होते. आता क्षणभर कल्पना करावी, की ही दोन एकुलती एक नाणी आटविलेल्या त्या २८५ मध्ये गेली असती, तर? आणि त्या २८५ मध्ये आणखी कोणते एकुलते एक नाणे गेले असेल? या प्रश्नाला उत्तर नाही. उरलेल्या १८२१ नाण्यांच्या वाटण्या झाल्या, ती निरनिराळ्या ठिकाणी गेली. तथापि अळतेकरांच्या ग्रंथामुळे आणि त्यातील चित्रफलकांमुळे अभ्यासकांच्या दृष्टीने तो निधी आजही एकत्र आहे. कालीघाट आणि बयाना यांतील अंतर हे एवढेच आणि एवढे मोठे आहे.

पुढे १९८० मध्ये नाशिक येथे डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि श्री. के. के. माहेश्वरी यांच्या प्रयत्नांतून भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था उभी राहिली. अंजनेरीच्या पायथ्याशी असलेल्या या संस्थेने देशोदेशीच्या संग्रहांतील भारतीय नाण्यांची छायाचित्रे एकत्र करण्याचे काम हाती घेतले. मूळ नाणे लंडनला असो वा लखनौला, त्याची प्रतिमा एका जागी पाहावयास मिळावी, हा त्यामागील विचार प्रिन्सेपच्या फलकांशी नाते सांगणारा आहे.

आता थोडे प्रत्यक्ष कृतीविषयी. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आल्यापासून नाण्याचे छायाचित्र काढणे सोपे झाले आहे. चांगले छायाचित्र काढणे मात्र पूर्वीइतकेच अवघड आहे. नाण्याचा सारा अर्थ त्याच्या उठावात असतो आणि उठाव दिसतो तो सावलीमुळे. समोरून झगझगीत प्रकाश टाकला, की सावल्या नाहीशा होतात आणि अक्षरे पुसली जातात. प्रकाश एका बाजूने, शक्यतो वरच्या डाव्या अंगाने आणि तिरपा यावा. तो खालून आला, तर उठावाचा भाग खोलगट दिसू लागतो आणि राजाचा मुखवटा साच्यासारखा भासतो. जोगळटेंभीसारख्या दुहेरी ठशाच्या नाण्याला तर एक छायाचित्र पुरतच नाही. प्रकाशाची दिशा बदलून तीन-चार घ्यावीत. एका प्रकाशात वरचा ठसा उठून दिसतो, दुसऱ्यात खालचा हळूच डोके वर काढतो. ढगाळ दिवशी खिडकीतून येणारा मंद उजेड चांदीसाठी उत्तम. कॅमेरा हातात न धरता घोडीवर वा पुस्तकांच्या चळतीवर स्थिर ठेवावा आणि त्याचे भिंग नाण्याला समांतर असावे. नाही तर वर्तुळाचे लंबवर्तुळ होते.

दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी. कडेचेही एक छायाचित्र असावे, कारण ओतीव बनावट नाण्याची सांधारेषा पुष्कळदा कडेलाच सापडते. हाताने ठोकलेली दोन नाणी कधीही तंतोतंत सारखी नसतात. दोन छायाचित्रांत तीच खोच, तोच डाग आणि तीच चीर दिसली, तर निदान एक नाणे दुसऱ्यावरून ओतलेले आहे असे समजावे. याउलट दोन नाणी एकाच ठशाची आहेत असे छायाचित्रे जुळवून दिसले, तर ती एकाच टांकसाळीत, बहुधा थोड्याच दिवसांच्या अंतराने पाडली गेली, असे अनुमान निघते. छायाचित्रासोबत वजन, व्यास, धातू आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते नाणे कोठून आले, ही नोंद हवी. नोंद नसलेले छायाचित्र हे नाव नसलेल्या माणसाच्या तसबिरीसारखे असते. चेहरा दिसतो, ओळख पटत नाही.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. छायाचित्र सुरेख यावे म्हणून नाणे चिंचेने, राखेने वा पावडरीने घासू नये. तांब्यावरचा हिरवट-काळा थर हे त्याचे कवच आहे. घासताना पहिल्यांदा जातात ती बारीक टिंबे आणि वेलांट्या. टांकसाळ वा राजवर्ष ओळखण्याची खूण नेमकी तीच असते.

हे सारे आपल्या मंडळाच्या सभासदांपुढे मांडण्याचे कारण असे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कित्येक मराठी घरांत देवघरातील डबीत, लक्ष्मीपूजनाच्या ताम्हणात किंवा आजीच्या फडताळात जुनी नाणी असतात. तांब्याची शिवराई तर हमखास सापडते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. शिवछत्रपतींच्या नंतरही ती दीर्घकाळ पाडली जात होती आणि एकोणिसाव्या शतकातही बाजारात चालत होती. तिच्या अक्षरांच्या वळणात, टिंबांच्या मांडणीत, ‘शिव’ की ‘सिव’ या लेखनभेदात अपार विविधता आहे. अभ्यासकांना तीतून टांकसाळींचा आणि काळाचा माग काढावयाचा असतो. त्यासाठी हजारो शिवराया नजरेखालून जाव्या लागतात, आणि त्या तर घरोघरी विखुरलेल्या आहेत.

दुसरी गोष्ट मराठ्यांच्या रुपयांची. मराठी सत्तेच्या अनेक टांकसाळींतील रुपयांवर मोगल बादशहाचे नाव आणि फारसी अक्षरे असत. पुण्याच्या अंकुशी रुपयावर बादशाही लेखाबरोबर अंकुशाचे चिन्ह असे. आपल्या शेजारच्या ओरिसात १७५१ पासून १८०३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि कटकच्या टांकसाळीतील रुपयेही बादशहाच्याच नावाने निघत. अशी नाणी हाती आली, की घरातील मंडळी त्यांना ‘मोगली’ म्हणून बाजूला सारतात आणि एखाद्या अडचणीच्या प्रसंगी ती सोनाराकडे जातात. त्या बारीक खुणेत आपल्याच पूर्वजांच्या स्थलांतराची कथा दडलेली होती, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

कोणी आपली नाणी देऊन टाकावीत असे माझे म्हणणे नाही. ती घराण्याची ठेव आहे. ती देवघरातच राहावी. विनंती एवढीच, की प्रत्येक घराने आपल्याजवळील नाण्यांची दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत, त्यांचे वजन आणि ती घरात कशी आली याची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावी. आजी-आजोबांना ठाऊक असलेली ही माहिती पुढच्या पिढीला बहुधा मिळणार नाही. मंडळाने अशा नोंदींची एक वही आणि छायाचित्रांचा एक संग्रह ग्रंथालयात ठेवला, तर त्याला खर्च फारसा येणार नाही. जमिनीत पुरलेला निधी कोणाला सापडल्यास १८७८ च्या कायद्यानुसार त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. परंतु घरातील वडिलोपार्जित नाण्यांची नोंद करण्याचे बंधन आपण स्वतःवर स्वखुशीने घालून घ्यावे लागेल.

मंडळाने पन्नास वर्षांत गणेशोत्सव केले, नाटके केली, व्याख्याने केली, भाषा जतन केली. त्या सर्व कार्यक्रमांची छायाचित्रे आपण हौसेने जपून ठेवली आहेत. त्यांच्या शेजारी घराघरांतील शिवरायांची आणि रुपयांची छायाचित्रेही येऊन बसावीत. कालीघाटचा निधी आपल्या हातून गेला. आपल्या डब्यांतील नाणी अजून गेलेली नाहीत.